उणिवेची वास्तू

युसूफ वडगावच्या माणसाला अंबाजोगाई मुद्दाम बघायला जावे लागत नाही. गाव केज तालुक्यातले, पण दुखणे बळावले की पेशंटला ‘स्वाराती’ दवाखान्यात न्यायचे, तारीख लागली की अंबाजोगाईचे कोर्ट गाठायचे, लग्न ठरले की बस्ता बांधायला तिकडेच जायचे आणि नवरात्रात योगेश्वरीचे दर्शन घेऊनच परतायचे. या भागातली कितीतरी गावे पिढ्यान्‌पिढ्या त्या रस्त्याने ये-जा करत आली आहेत. आठशे-हजार वर्षांच्या वास्तू वाटेत लागतात आणि मागे पडतात. हातात रिपोर्टाची पिशवी असलेला माणूस त्यांच्याकडे मान वळवून बघेल, अशी अपेक्षाही धरू नये.

पण सवयीने नजर बोथट होते हेही खरे. शाळेत पाठ केलेली कविता आपण आयुष्यभर म्हणत राहतो आणि एखाद्या दिवशी तिची एक ओळ पहिल्यांदा ऐकू येते. अंबाजोगाईच्या दगडांचेही तसेच होऊ शकते. कवितेचे रसग्रहण करताना आपण शब्दाशी थांबतो, कवीने काय सांगितले आणि काय गाळले ते पाहतो, पुन्हा मागे जाऊन वाचतो. तोच सावकाशपणा या गावातल्या चार-दोन वास्तूंना द्यावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. तो दिला की एक सूत्र हळूहळू हाती येते. इथली प्रत्येक मोठी वास्तू कशाच्या ना कशाच्या उणिवेभोवती उभी आहे. न लागलेले लग्न, न परतलेला भाऊ, न उरलेले शिखर, निघून गेलेली फौज. हरवलेल्या गोष्टीचे काय करायचे, याची या गावाने वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळी उत्तरे शोधली. ती उत्तरे म्हणजेच इथले वास्तुवैभव.

हत्तीखान्यापासून सुरुवात करू. जोगाई मंडप आणि शिवलेणी ही त्याचीच नावे. बालाघाटच्या डोंगररांगेने मराठवाड्याला वेरूळसारखा उंच कडा इथे दिलेला नाही. त्यामुळे या लेण्याकडे मान वर करून बघायचे नसते, आत उतरायचे असते. जमिनीच्या पोटात खोल अंगण खोदले आहे, त्या अंगणात नंदीचा मंडप आणि भोवती खडकातच कोरलेले हत्ती. पलीकडे खांबांच्या रांगांमागे अंधारत गेलेले सभागृह. वर मोकळे आभाळ आणि चारी बाजूंनी काळा पाषाण. दुपारी ऊन अंगणात थेट पडते आणि खांबांच्या पहिल्या रांगेशी थबकते. पुढे सावली, त्यापुढे अधिक गडद सावली. उजेडाचे हे टप्पे कोरणाऱ्याने जाणून घडवले आहेत. ऊन, सावली, अंधार आणि शेवटी देव, असा तो क्रम आहे.

बांधलेली इमारत आणि कोरलेली इमारत यांतला फरक इथे डोळ्यांना कळतो. बांधणारा चुकला तर दगड बदलतो. कोरणाऱ्याला ती मुभा नाही. लेणे वरून खाली उतरत जाते, म्हणजे छत आधी आणि जमीन शेवटी. खांबाचा माथा घडवताना पायथा अजून खडकातच दडलेला असतो. नंदीचा मंडप अंगणाच्या मध्यभागी हवा असेल, तर भोवतालचा सगळा खडक काढून टाकताना तेवढा तुकडा पहिल्या दिवसापासून राखावा लागतो. हत्तींचेही तेच. ते कुठून आणून ठेवलेले नाहीत. बाकीचा डोंगर गेला आणि ते उरले. काय काढायचे यापेक्षा काय राखायचे, याचा विचार ज्याच्या डोक्यात पक्का असेल त्यालाच हे साधते.

याच अंगणाबद्दल गावाची एक कथा आहे आणि ती सोडून ही वास्तू वाचता येत नाही. कोकणातली योगेश्वरी परळीच्या वैद्यनाथाला द्यायची ठरली. वऱ्हाड निघाले, घाट चढले, मजल दरमजल करीत अंबाजोगाईपर्यंत आले. पण मुहूर्त टळला. कोंबडा आरवला आणि सगळे वऱ्हाड जागच्या जागी शिळा झाले. देवी इथेच राहिली, कुमारिकाच राहिली. हत्तीखान्यातले हत्ती म्हणजे ते थांबलेले वऱ्हाड. परळी इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि ते थोडके अंतरच या कथेचे दुःख आहे. शेकडो कोस तोडून आलेली नवरी शेवटच्या पावलाशी अडली.

इतिहासाचा अभ्यासक म्हणेल की लेणे शैवांचे आहे, ते कोरणाऱ्या कारागिरांच्या मनात वऱ्हाड नव्हते. ते खरेच आहे. पण त्या अंगणात उभे राहून हत्तींकडे बघा. ते चालते-फिरते वाटत नाहीत. निघायच्या तयारीत असताना कुणी तरी ‘थांबा’ म्हणावे, तसे ते उभे आहेत. लोकांनी त्या दगडातली नेमकी तीच अवस्था टिपली आणि तिच्याभोवती कथा रचली. उत्तम वाचक कवितेत जे करतो तेच त्यांनी केले. मूर्तिशास्त्र ठाऊक नसताना, नुसत्या पाहण्याच्या बळावर, एका सबंध समाजाने केलेले हे रसग्रहण आहे. आपण आज लिहितो ते त्याच्या मागाहूनचे.

योगेश्वरीचे देऊळ जयंती नदीच्या काठी आहे. मजल्यामजल्यांनी चढत जाणारे उंच शिखर लांबून दिसते, दीपमाळा दिसतात, मार्गशीर्षात आणि नवरात्रात माणसांचा पूर लोटतो. मात्र एवढ्या थाटाच्या गाभाऱ्यात देवीचे रूप अगदी मोजके, शेंदराने माखलेला तांदळा. बाहेर जेवढा विस्तार, आत तेवढा संक्षेप. शिखराच्या थरांवरून फिरून दमलेली नजर आत एका ठिकाणी येऊन टेकते. आणि ही देवी कोकणातल्या असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी आहे, ही गोष्ट या देवळाच्या वाचनात फार मोलाची. समुद्रकाठची माणसे सह्याद्री ओलांडून, दुष्काळी मुलखाच्या या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या कुलाचाराला येतात. मंगलकार्य झाले की नवी जोडपी येतात, ती जिचे स्वतःचे लग्न लागले नाही तिच्यासमोर माथा टेकायला. कथेतली उणीव इथे कुणी झाकली नाही. तिलाच देवत्व दिले. हत्तीखाना आणि हे देऊळ एकाच दिवशी बघावे, कारण एकाची गोष्ट दुसऱ्यात पुरी होते.

आता सकलेश्वर. गावाच्या तोंडी त्याचे नाव बाराखांबी. इथे कथा नाही, इथे सन आहे. शके ११५०, म्हणजे इ.स. १२२८. देवगिरीच्या गादीवर यादव राजा सिंघण होता आणि त्याचा सेनापती खोलेश्वर याचा या गावाशी जवळचा संबंध होता. अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण ज्याच्या नावाने ही शैली ओळखली जाते तो हेमाद्री पंडित महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळात, १२६० नंतर पुढे आला. बाराखांबीचे खांब त्याच्या कारकिर्दीच्या आधीच उभे होते.

मूळ देवळातला मंडपाचा भाग आणि हे खांब एवढेच आज डोळ्यांपुढे आहे. म्हणून एका खांबाशीच थांबावे. खाली चौरस बैठक, जमिनीला घट्ट धरून. वर जाताना खांब आपले कोपरे सोडत जातो, चौकोनाचा अष्टकोन होतो, मग गोल थर येतात, कडा इतक्या धारदार की दगड चरकावर फिरवला असावा असे वाटते. डोक्यावर चार दिशांना पसरलेले हस्त, त्यांवर तुळया, तुळयांवर छत. खालून वर जाताना आकार मऊ होत जातो आणि जिथे खरा भार यायचा तिथे खांब पुन्हा हात पसरून रुंद होतो. आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने वजनाचा प्रवास असा डोळ्यांना दाखवून ठेवला आहे. छताचा भार कुठून कुठे उतरतो, हे वास्तुशास्त्राचे एक अक्षर न वाचताही इथे समजते.

या बांधणीत दगडांच्या मध्ये चुना नाही. खाच आणि कूस एकमेकांत बसवून, तोल सांभाळून दगडावर दगड ठेवलेला. जुळणी टिकते ती वरच्या ओझ्यामुळे. ओझे जितके नेमके, तितके देऊळ स्थिर. म्हणूनच अशा देवळाचा वरचा भाग गेला की उरलेल्या भागाचाही जीव धोक्यात येतो. असे असून हे खांब उभे राहिले. कुणाच्या घडणीचे मोल यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगता येणार नाही.

पूर्ण देऊळ आपल्याला आत ओढून घेते. आपण देवासमोर जातो, खांबांकडे लक्ष जात नाही. अर्धे उरलेले देऊळ बघणाऱ्याला कामाला लावते. शिखर कुठवर गेले असेल, गाभाऱ्याची दिशा कोणती, प्रदक्षिणेची वाट कुठून, हे सगळे मनात बांधावे लागते. चांगल्या कवितेतली रिकामी जागा वाचकाकडून हेच काम करून घेते. २०२५ साली राज्याच्या पुरातत्त्व विभागाने या परिसरात उत्खनन केले तेव्हा मातीखाली आणखी मंदिरांचे पाये आढळले. म्हणजे ज्याला आपण एकटे देऊळ समजत होतो तो एका मोठ्या परिसराचा उरलेला भाग आहे. पाय ठेवू त्या जमिनीखालीही मजकूर आहे, ही जाणीव झाली की बाराखांबीत पाऊलसुद्धा जपून पडते.

या सगळ्या वास्तूंत मनाला सर्वांत खोल लागते ते खोलेश्वराचे देऊळ. खोलेश्वर मूळचा विदर्भाकडचा ब्राह्मण. वेदाध्ययनाच्या घराण्यातला हा माणूस सिंघणाच्या फौजेचा नायक झाला, माळव्यावर आणि गुजरातेवर चालून गेला. त्याच्यामागे त्याचा मुलगा राम याने तीच जबाबदारी उचलली. गुजरातेवरच्या मोहिमेत रामाने नर्मदेपर्यंत मजल मारली आणि तिथे लढाईत तो पडला. घरी बहीण होती, लक्ष्मी. तिने भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत देऊळ उभारले. त्याची नोंद शके ११६२, म्हणजे इ.स. १२४० च्या संस्कृत शिलालेखात आहे.

शिलालेख ही वाङ्मयातली मोठी कडक जात. राजाची बिरुदे, घराण्याची थोरवी, जिंकलेल्या मुलखांची यादी, दानाचा तपशील, असे तिचे ठरलेले वळण. त्यात खासगी दुःखाला जागा नसते. याही लेखात पराक्रमाचे वर्णन आहे. पण तो लेख ज्या कारणासाठी कोरला गेला ते कारण मात्र घरातले आहे. मोहिमेवर गेलेला भाऊ आला नाही. भाऊबीज, रक्षाबंधन यांची गाणी जिथे जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली, त्या मुलखात एका बहिणीने आपले म्हणणे दगडावर कोरून घेतले. एरवी तेराव्या शतकातल्या शिलालेखांत स्त्रिया आपल्याला बहुधा भेटतात त्या कुणाची तरी राणी किंवा कुणाची तरी माता म्हणून. लक्ष्मी भेटते ती बांधकाम करवून घेणारी, निर्णय घेणारी बाई म्हणून. जागा निवडणे, पाथरवट बोलावणे, पैसा उभा करणे, मजकूर रचवून घेणे, एवढे सगळे त्या एका शिलालेखाच्या मागे आहे.

आज हे देऊळ बापाच्या नावाने, खोलेश्वराच्या नावाने ओळखले जाते. गावातली शाळाही त्याच नावाची आहे. ज्याच्यासाठी देऊळ बांधले तो राम आणि जिने बांधले ती लक्ष्मी, दोघेही त्या लेखाच्या अक्षरांतच उरले. ज्या अंबाजोगाईच्या रस्त्याने तालुक्यातल्या कित्येक बहिणी भावाच्या ॲडमिशनसाठी, ऑपरेशनसाठी धावपळ करतात, तिथे ही शिलालेखात नोंदलेली बहीण कुणालाच ठाऊक नसावी याची हळहळ वाटते.

अंबाजोगाईच्या दगडांना शब्दांची संगत पहिल्यापासून आहे. गावाबाहेरच्या दरीत मुकुंदराजांची समाधी. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा मानला जातो आणि परंपरा मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणते. पावसाळ्यात त्या दरीत पाणी कोसळत असते, उन्हाळ्यात फक्त खडकावरच्या त्याच्या खुणा दिसतात. समाधीची इमारत साधी आहे. वास्तू इथे दरीच आहे. निसर्गाने केलेला गाभारा आयता मिळाल्यावर माणसाने त्यात फारशी भर घातली नाही, हाही एक वास्तुविचारच.

तिथून चारशे वर्षे पुढे आले की संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५). त्यांची समाधी नृसिंह तीर्थावर आहे आणि त्यांच्या परंपरेची थोरले व धाकटे अशी दोन देवघरे गावात आहेत. त्यांची पासोडी ही माझ्या मते अंबाजोगाईतली सर्वांत विलक्षण वास्तू, जरी ती कापडाची असली तरी. अंगावर घ्यायच्या जाड सुती पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ हे प्रकरण लिहिले. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी चारेक फूट. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो, हा वेदान्तातला अवघड विषय, आणि तो ओव्यांबरोबर आकृत्यांतून मांडलेला.

कागद उपलब्ध असताना कापड का घेतले असेल? पासोडीच्या मापाकडे पाहिले की त्याचे एक उत्तर सुचते. पोथी मांडीवर ठेवून एकट्याने वाचायची असते. ४० फुटांचे कापड मांडीवर मावत नाही. ते पसरावे लागते, भिंतीशी धरावे लागते, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचकाला चालावे लागते. चालताना मोठी अक्षरे लांबूनच खुणावतात, बारीक अक्षरांपाशी वाकावे लागते, आकृतीपुढे थांबावे लागते. चार माणसे एका वेळी चार ठिकाणी उभी राहून बघू शकतात, एकमेकांना विचारू शकतात. लेण्याच्या भिंतीवरची शिल्पे आपण अशीच बघतो. दासोपंतांनी घडी घालून काखेत मारता येईल अशी चित्रभिंत तयार केली. गीतेवरचा सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारा हा माणूस, त्याला विस्तार नवा नव्हता. पण ज्याला एवढा विस्तार झेपणार नाही त्याचीही काळजी त्याने वाहिली, असे पासोडी पाहताना जाणवते. वाचता येणे आणि न येणे यांच्यामधली जी पोकळी, तीवर त्याने हे कापड अंथरले.

यानंतरचा काळ फौजेचा. निजामाच्या राजवटीत या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी इथे होती. पुढे छावणी उठली. फौज गेल्यावर ओस पडून विस्मरणात गेलेली गावे आपल्याकडे कमी नाहीत. अंबाजोगाईने तिची जागा शाळांनी भरली. स्वामी रामानंद तीर्थ १९३० नंतरच्या दशकात इथल्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या माणसाच्या घडणीत या गावाचा असा वाटा आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९७० च्या दशकात इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेही एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण माणसांच्या दारात. त्याला नाव दिले ते त्या जुन्या शिक्षकाचे. ‘स्वाराती’ ही अक्षरे तिथून आली. युसूफ वडगावचा माणूस पेशंट घेऊन ज्या फाटकातून आत शिरतो, ते फाटकही या गावाच्या वास्तुपरंपरेत बसते. पुढल्या पिढ्या त्याकडे तसेच बघतील.

सूत्र पकडून हा क्रम पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. थांबलेल्या वऱ्हाडाची देवी झाली. पडलेल्या भावाचे देऊळ झाले. न झेपणाऱ्या ग्रंथाचे चित्र झाले. गेलेल्या फौजेच्या गावात शाळा आणि दवाखाना उभा राहिला. दुष्काळाच्या, ऊसतोडीच्या आणि स्थलांतराच्या बातम्यांतच ज्याचे नाव यायचे, त्या बीड जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात आठशे वर्षे हा एकच गुण टिकून आहे. जे गेले त्याच्या जागी, त्याच्या तोलाचे काही तरी उभे करायचे.

म्हणूनच या वास्तूंच्या जतनाबद्दल मला आग्रहाने सांगावेसे वाटते. लेण्यातल्या शिल्पांवर ऑइलपेंट फासणे, जुन्या मंडपाला सिमेंटचा ओटा जोडणे, झिजलेल्या चेहऱ्यावर नवा चेहरा बसवणे, या गोष्टी भक्तीने होतात हे मला मान्य आहे. पण त्यांनी उणीव भरून निघत नाही, पुसली जाते. लक्ष्मीने भाऊ गेला ही गोष्ट लपवली नाही, कोरून ठेवली. बाराखांबीचे जे पाये सापडले ते तसेच उघडे, निगराणीत राहावेत. त्यांच्यावर नवे शिखर चढवण्याची घाई नको. पुरातत्त्व खात्याने उकरलेल्या दगडांची माहिती आणि गावाने सांगितलेल्या कथा, दोन्ही एकाच फलकावर मराठीत लिहिल्या जाव्यात.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये अगदी लहानशा गावातही शंभर-सव्वाशे वर्षांच्या कोर्टाच्या इमारतीसमोर तिची हकीगत सांगणारी धातूची पाटी रोवलेली असते, आणि गावकरी ती अभिमानाने दाखवतात. आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट जुना, सन-तारखेसह कोरलेला शिलालेख आहे. त्याच्याशेजारी चार ओळींची पाटी लावायला मोठा निधी लागत नाही. युसूफ वडगावच्या, धनेगावच्या, केजच्या शाळांनी वर्षातून एक सहल लांबच्या वॉटरपार्कऐवजी इथे आणावी. पोरांना हत्तीखान्याच्या अंगणात उभे करावे, बाराखांबीच्या एका खांबाचे चित्र वहीत काढायला लावावे, आणि खोलेश्वराच्या देवळात नेऊन सांगावे की हे लक्ष्मीने बांधले. तिचे नाव बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक पोरीला ठाऊक असले पाहिजे.